सासरेबुवांची गूजबेरी

मंगळवार, २८ जून
सासरेबुवांचं खुब्याचं हाड मोडलं. सकाळी बागेत गूजबेरीच्या झुडपाला पाणी घालताना पाय घसरला. वय चौऱ्याऐंशी. बायको, म्यूरिएल, रडायला लागली. मी शांत होतो. बस डेपोत आयुष्यभर वेळापत्रकं आखलेला माणूस असा सहजी डगमगत नाही.
स्ट्रेचरवरून नेताना म्हाताऱ्यानं माझी बाही धरून जवळ ओढलं. वाटलं, इतक्या वर्षांनी चार शब्द गोड बोलणार. म्हणाले, "सिरिल, त्या झुडपाला हात लावू नकोस."
दुखण्यात माणूस काहीबाही बरळतो.

गुरुवार, ३० जून
ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "पाणी घातलं का?" नर्सनं पेला पुढे केला. "मला नाही हो!" म्हणून तिच्यावरच खेकसले.
परिस्थिती अशी आहे. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी गावच्या शाळेत गूजबेरीचं प्रदर्शन. ज्याचं एक फळ सगळ्यांत जड, तो जिंकला. सासरेबुवा (गावात त्यांना एमस म्हणतात) शेवटचे जिंकले तेव्हा म्यूरिएल दोन वेण्या घालून शाळेत जायची. त्यानंतर दरवर्षी दुसरे, तिसरे, किंवा ऐन वेळी फळ फुटलं म्हणून घरी. फुटलेलं फळ तराजूवर घेत नाहीत. यंदा म्हाताऱ्यानं वसंतापासून झुडपावरचं एकेक फळ खुडून टाकलं आणि एकच ठेवलं. अख्ख्या झुडपाचा रस त्या एकात. सगळा गाव येऊन बघून गेला. शेजारचा लेन स्टोनहाउस, गेली तीन वर्षं जिंकणारा, तो तर बघून काहीच बोलला नाही. यॉर्कशरमध्ये याहून मोठी स्तुती नाही.
डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक राहिलं तर चाकांच्या खुर्चीतून प्रदर्शनाला नेता येईल. सासरेबुवा म्हणाले, "एकदा ते तराजूवर बघू दे. मग या खुब्याचं काय लोणचं घालायचं ते घाला."
म्यूरिएलचा सगळा दिवस दवाखान्याच्या वाऱ्यांत जाणार. म्हणजे बाग कुणी बघायची? सासरेबुवांनी आधी म्यूरिएलकडे पाहिलं, मग छताकडे, मग नाइलाजानं माझ्याकडे. म्हणाले, "सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. ऊन असो, ढग असो. पिंपात साठवलेलं पावसाचंच पाणी. कमी नको, जास्त नको. पाऊस आला तर छत्री धर. संपलं."
यामागचं शास्त्र काय, असं मी विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. नर्स म्हणाली, पेशंटला विश्रांती द्या.

शुक्रवार, १ जुलै
काम पद्धतशीर करायचं ठरवलं. तीन रंगांत वेळापत्रक तयार. तत्त्व साधं: पाणी सवयीनं नाही, हवामान बघून घालायचं. आभाळ पाणी देणारच असेल तर आपण कशाला द्यायचं? भरलेल्या बसमागे रिकामी बस सोडण्यातला प्रकार.
डेपोनं निवृत्तीच्या वेळी दिलेला, हवामान दाखवणारा बॅरोमीटर दिवाणखान्यात आहे. रोज सकाळी बोटानं टकटक करून वाचायचा. म्यूरिएलनं मागच्या दाराला समुद्री शेवाळाची जुडी टांगलीय. शेवाळ लिबलिबीत झालं की पाऊस, कडक झालं की ऊन. तिच्या आजीपासूनचं खूळ. मी उपकरणावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.
बॅरोमीटर: पाऊस. झारीला सुट्टी.
संध्याकाळ: पाऊस नाही. पुन्हा टकटक केली. काटा 'वादळ' वर गेला. छान.

सोमवार, ४ जुलै
वादळ अजून वाटेत असावं. आभाळ निळंशार.
म्यूरिएलनं विचारलं, "पाणी घातलंस ना?" म्हटलं, सगळं नियोजनाप्रमाणे चालू आहे. हे खरंच होतं. ती बागेत गेली, मातीत बोट घातलं आणि स्वतः झारी भरून ओतून आली. असं मध्येच कुणी हात घातला तर प्रयोगाचे निष्कर्ष बिघडतात, हे मी तिला शांतपणे सांगितलं. म्हणाली, "बरं. बाबांना कळवते हं, की जावईबापूंचा तुमच्या गूजबेरीवर प्रयोग चाललाय."
संकल्प: उद्यापासून सकाळी एक, संध्याकाळी एक. अजिबात चूक नाही.

शुक्रवार, ८ जुलै
रोज दोन झाऱ्या. काम कंटाळवाणं आहे. कुणालाही जमेल.
फळ मात्र देखणं झालंय. एरवी बोराएवढं असतं, हे कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढं, पिवळं, आतल्या शिरा दिसतात. बघताना उगाच श्वास रोखला जातो. माझ्या देखरेखीखाली वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लेन कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून म्हणाला, "म्हाताऱ्यानं काय वाढवलंय!" मी त्याची चूक दुरुस्त केली. तो म्हणाला, "हो का?" आणि पाइप पेटवायला खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

मंगळवार, १२ जुलै
उकाडा. पाणीखात्यानं बागेत नळी लावायला बंदी घातली. पिंप अर्ध्यावर आलंय. रोज दोन झाऱ्या म्हणजे ही तर सरळ उधळपट्टी. प्रदर्शनाच्या आधीच पिंप कोरडं पडलं तर? झोप नीट लागली नाही. स्वप्नात सासरेबुवा रिकाम्या पिंपातून माझ्याकडे बघत होते.

शुक्रवार, १५ जुलै. सेंट स्विदिनचा दिवस
प्रश्न सुटला!
सकाळी दहाच्या सुमारास अंगणात उभा असताना चष्म्यावर थेंब पडले. तीन तरी नक्की. आज पाऊस पडला की पुढे चाळीस दिवस पडतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. हे शेवाळासारखं खूळ नाही. हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे.
म्यूरिएल म्हणाली, थेंब दोरीवरच्या ओल्या चादरीचे होते. चादर तिथे होती, हे मी मान्य करतो.
झारी शेडमध्ये ठेवून दिली. मोठी काळी छत्री काढली, काड्यांना तेल दिलं. यापुढे धोका पाण्याच्या कमतरतेचा नाही, अतिवृष्टीचा आहे. पिंपातलं पाणीही वाचलं.

रविवार, १७ जुलै
सासरेबुवांच्या जखमेत पू झालाय. ताप. म्यूरिएल आजपासून दवाखान्याजवळ मावशीकडे राहायला गेली. रोज संध्याकाळी फोन करणार. निघताना दारात उभं राहून माझ्या कोटाचं बटण लावत म्हणाली, "सिरिल, एवढं एक काम. बाकी घर जळून गेलं तरी चालेल." मी म्हटलं, घराचीही काळजी घेईन.
पाऊस नाही. पण चाळीस दिवसांत एखादा दिवस मागेपुढे होणारच. बस उशिरा आली म्हणजे रद्द झाली असं नाही.

बुधवार, २० जुलै
दुपारभर झुडपाशेजारी छत्री उघडून बसलो. पोस्टमन म्हणाला, "ऊन लागतंय का सिरिल?" मी म्हटलं, पावसाची तयारी. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पत्रं भिंतीवर ठेवून हळूच गेला.

शुक्रवार, २२ जुलै
फोन. ताप चढलाय. म्यूरिएलचा आवाज अगदी बारीक. म्हणाली, "ग्लानीत आहेत. मला आईच्या नावानं हाक मारतात आणि सारखं विचारतात, पाणी घातलं का, पाणी घातलं का. मी सांगते, सिरिल घालतोय. मग जरा डोळा लागतो."
मी म्हटलं, पाण्याची अजिबात चिंता करू नका.
छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. व्हिनेगरमधले कांदे बाधले असावेत.

सोमवार, २५ जुलै
आभाळ कोरडं ठणठणीत. झुडपाची पानं कडेनं वळलीत. फळाला हात लावून पाहिला. थोडं मऊ लागलं. देठाजवळ एक बारीक सुरकुती. पिकण्याचं लक्षण असेल.
लेन भिंतीवर कोपरं टेकून म्हणाला, "सिरिलराव, झुडूप तहानलंय हो. माझ्याकडची एक झारी देऊ?"
डाव लगेच ओळखला. मी म्हटलं, आभारी आहे, आमचं आम्ही बघू.
तो जाता जाता थांबला. म्हणाला, "घालशील तेव्हा घोट घोट पाज बरं का. इतक्या दिवसांच्या उपाशाला एकदम पंगतीला बसवू नये."
म्हणजे आधी घाल म्हणतो, मग घालू नको म्हणतो. प्रतिस्पर्ध्याला गोंधळात पाडायची ही जुनी रीत. मी दोन्ही सल्ले बाजूला ठेवले.

बुधवार, २७ जुलै
ताप उतरला! मंगळवारी आणायची परवानगी मिळाली. म्यूरिएलनं फोन त्यांच्या कानाला लावला. आवाज खोल गेलेला, पण बाणा तोच.
"केवढं झालं?"
म्हटलं, छान आहे.
"रंग?"
पिवळा.
"पाणी?"
मी म्हटलं, वेळापत्रकाप्रमाणे.
मग म्हणाले, "शाब्बास, जावईबापू."
लग्नाला एकतीस वर्षं झाली. हा शब्द पहिल्यांदा ऐकला. फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसलो. मला भीती वाटतेय. हे फक्त इथे लिहितो.

गुरुवार, २८ जुलै
पहाटेच उठून एक झारी घातली. संध्याकाळी एक. फळावर काही परिणाम नाही. सुरकुती आहे तिथेच. वास्तविक पाणी घातल्यावर लगेच फरक दिसायला हवा.

शनिवार, ३० जुलै
शांत डोक्यानं विचार केला. बर्फात बसगाड्या अडकल्या तर आम्ही काय करायचो? रस्ता मोकळा झाला की जादा गाड्या सोडून राहिलेले सगळे प्रवासी एका दिवसात पोचवायचो. पाण्याचंही तसंच. पंधरा तारखेपासून जितक्या झाऱ्या राहिल्या, तितक्या आज द्यायच्या. हिशेब चुकता.
सकाळपासून पिंप उपसलं. तळाला गाळ लागला तेव्हा बाथटबमधलं आणलं. साबण जवळजवळ नव्हताच. दुपारपर्यंत झुडपाभोवती तळं साचलं आणि लेनचं बदक येऊन त्यात बसलं. त्याला हाकललं.
लेन भिंतीपाशी आला. तोंड उघडलं. मिटलं. गेला.

रविवार, ३१ जुलै
विजय!! सुरकुती साफ गेली! फळ टरारून फुगलंय. कातडी ताणून चकचकीत. इतकं मोठं ते कधीच नव्हतं. वरून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, कुठे डाग नाही. हात लावला नाही, फांदीला काठीचा आधार देऊन तसंच ठेवलं. देठ मंगळवारी सकाळीच कापायचा, असा रिवाज आहे.
लेन आला. वाकून बराच वेळ बघत राहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. माणूस दिलदार आहे, उगाच संशय घेतला.
रेडिओ म्हणतो, बुधवारपर्यंत कोरडं. बॅरोमीटर आयुष्यात पहिल्यांदाच 'स्वच्छ' वर. शेवाळ मात्र ओल्या मोज्यासारखं लोंबतंय. काढून खताच्या ढिगावर फेकलं.
फोनवर म्यूरिएलला म्हटलं, बाबांना सांग, टाय इस्त्री करून ठेवा.

सोमवार, १ ऑगस्ट
दु. १.३०. माळाच्या बाजूनं काळं काहीतरी येतंय. बहुधा गवत जाळत असतील.
दु. २.००. गवत नाही. छत्री घेऊन पळालो. वही खिशात.
दु. ३.१५. मुसळधार. वारा इतका की छत्री दोन्ही हातांनी धरावी लागतेय. वही दातांत. पलीकडे लेन त्याच्या झुडपावर मेणकापड बांधतोय.
दु. ४.००. गारा. एक कानावर बसली. फळावर एक थेंबही पडू दिलेला नाही. हात बधिर. हलणार नाही. म्हातारा उद्या टाय लावून येतोय.
सायं. ५.४०. अजून पडतोय. पाय चिखलात पोटऱ्यांपर्यंत. बदक परत आलंय. आता त्याला हाकलायला हात मोकळा नाही.
सायं. ६.३०. थांबला. फळ कोरडं! सबंध वादळ अंगावर घेतलं आणि फळ कोरडं! लेन भिंत ओलांडून आला. म्हणाला, "अरे सोड आता ती छत्री. बोटं निळी पडलीत." मला बोटं उघडता येईनात. त्यानं एकेक करून उघडली. मग झुडपाशी वाकला, फळ एका बोटानं किंचित उचललं आणि तसाच राहिला.
"सिरिल, खालून बघितलं होतंस?"
खालून बघायचं मला सुचलं नव्हतं.
खालच्या अंगाला बुडापासून देठापर्यंत चीर. रस बाहेर येऊन वाळलेला. आत एक मुंगी आरामात फिरत होती.
मी म्हटलं, गारेनं असेल. लेन म्हणाला, "गार खालून येत नाही रे. हे आजचं नाही. काल मी आलो तेव्हाच गेलेलं होतं." त्यानं टोपी का काढली होती, ते मला तेव्हा समजलं.
सबंध दुपार मी फुटलेल्या फळावर छत्री धरून उभा होतो.
लेननं खिशातून रुमाल काढून दिला. डोळ्यांत गारेचं पाणी गेलं होतं, असं मी त्याला सांगितलं.

सोमवार, सायं. ८.००
मेणबत्तीच्या मेणानं चीर बुजवता येईल का, हा एक निव्वळ तांत्रिक प्रश्न मनात आला. करून पाहिलं. आता फुटलेल्या फळाऐवजी मेण लावलेलं फुटलेलं फळ आहे.
संकल्प: उद्या सासरेबुवांना बदलत्या हवामानाबद्दल खंबीरपणे सांगायचं. मुद्दे: (१) पाऊस. (२) गारा. (३) बदक.

मंगळवार, २ ऑगस्ट
सगळं क्रमानं लिहितो.
शाळेच्या दारात म्यूरिएल खुर्ची ढकलत आली. सासरेबुवा निम्मे झालेत. टाय मात्र कडक. मांडीवर कापूस घातलेली लहानशी लाकडी पेटी, फळ ठेवायला. मला बघून हात पुढे केला. म्यूरिएलनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिनं नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.
मी फळ पेटीत ठेवलं. 'पाऊस' एवढं म्हणालो. पुढचे मुद्दे आठवेनात.
त्यांनी फळ उलटं केलं. मेण पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "पाणी किती घातलंस?"
तोंडातून खरं निघून गेलं. म्हटलं, बरेच दिवस काहीच नाही, आणि मग सगळं.
ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पेटीकडे बघत बसले. हनुवटी थरथरत होती. मी आजवर त्यांना असं पाहिलं नव्हतं, आणि हे मी केलं होतं.
लेन पहिला आला. टाळ्या झाल्या. कप घेऊन तो सरळ आमच्याकडे आला, पेटीतलं फळ उचललं, नखानं मेण खरवडून काढलं आणि तराजूच्या एका पारड्यात ते, दुसऱ्यात आपलं, असं ठेवलं. रस गळून गेलेला, मुंगीनं खाल्लेलं, तरी आमचं पारडं खाली गेलं. नोंद झाली नाही. नियम तो नियम.
सासरेबुवा खाली गेलेल्या पारड्याकडे कितीतरी वेळ बघत होते. मग खिशातला चाकू काढून फळाचे चार भाग केले. एक लेनला, एक म्यूरिएलला, एक स्वतःला, एक मला. म्हणाले, "गोड आहे." लेननं सगळं मेण काढलं नव्हतं. उरलेलं माझ्या वाट्याला आलं. मी गिळलं.
लेन म्हणाला, "एमस, एक सांगू? काल गारांत सबंध दुपार छत्री धरून उभा होता हा. मी बघत होतो. जागचा हलला नाही."
सासरेबुवा चावत राहिले. म्हणाले, "पुढच्या वर्षी पाणी म्यूरिएल घालेल."
मी मान हलवली. खुर्ची दारापर्यंत गेली. तिथे त्यांनी म्यूरिएलला थांबवलं आणि मागे न बघता म्हणाले, "छत्री तू धर."

मंगळवार, संध्याकाळ
छत्री हे जबाबदारीचं पद आहे. विचारांती माझ्या लक्षात आलं, की पाणी काय, कुणीही घालू शकतं.
खताच्या ढिगावरून शेवाळ काढून धुतलं आणि पुन्हा दाराला टांगलं. लिबलिबीत आहे. बॅरोमीटर: स्वच्छ. दोरीवरचे कपडे आत घेतले.
झारी म्यूरिएलनं शेडमध्ये कुलपात ठेवली. किल्ली कुठे असते, ते मला माहीत आहे. हात लावणार नाही.